साधा माणूस, साधा फोन आणि खासगी माहिती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बीड, परभणी, लातूर या जिल्ह्यांतल्या कॉलेजांत, बचत गटांच्या बैठकांत आणि ऊसतोडीला निघणाऱ्या कुटुंबांसोबत मी फोनमधल्या खासगीपणावर बोलतो. तिथं पुन्हा पुन्हा निघणारे प्रश्न इथं एकत्र केले आहेत. ज्या ठिकाणी लोकांचं नुकसान मोठं होतं, तिथली उत्तरं लांबली आहेत.

माझ्याकडं लपवण्यासारखं काहीच नाही. मग ही उठाठेव कशाला?

मोंढ्यात सोयाबीन घातलं की अडत्या पट्टी देतो. किती क्विंटल, काय भाव, हमाली-तोलाई कापून हातात किती. शेतकरी ती पट्टी घडी घालून वरच्या खिशात ठेवतो, गावभर दाखवत फिरत नाही. त्यात काही काळंबेरं नसतं. घरात किती पैसा आला हे कोणाला सांगायचं, ते त्याचं तो ठरवतो. आता तेच पैसे खात्यात जमा होतात आणि बँकेचा एसएमएस येतो. फोनमधल्या ज्या ज्या ॲपनं एसएमएस वाचायची परवानगी घेतलेली आहे, त्या प्रत्येकाला ती पट्टी वाचता येते. ठरवण्याचा हक्क हातातून गेला आणि गेल्याचं कळलंसुद्धा नाही.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठानं एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे आणि तो संविधानाच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. तो हक्क मोठ्या शहरातल्या माणसाला जितका, तितकाच वडवणीच्या मजुरालाही आहे. माझं तर म्हणणं आहे की साध्या माणसाला त्याची गरज जास्त आहे. पैसेवाल्याची माहिती फुटली तर तो वकील लावतो, नंबर बदलतो, निभावून नेतो. सहा महिने उसाच्या फडावर असलेल्या माणसाचं खातं रिकामं झालं तर पोलीस ठाण्यात चकरा मारायला त्याच्याकडं दिवसही नसतो आणि गाडीभाडंही नसतं.

आमच्यासारख्यांच्या माहितीत कोणाला रस असणार?

सगळ्यात आधी कर्ज देणाऱ्यांना. पेरणी तोंडावर आलेली असते, पीककर्ज बँकेत अडकलेलं असतं आणि फोनवर पाच मिनिटांत दहा हजार मिळण्याची जाहिरात येते. ॲप उघडलं की एकामागून एक चौकटी येतात: कॉन्टॅक्ट्स, फोटो, एसएमएस, लोकेशन. नड असलेला माणूस चारही ठिकाणी ‘अलाऊ’ दाबतो. पुढं हप्ता दोन दिवस लांबला की फोन एकट्या त्याला येत नाही. सासऱ्याला येतो, लेकीच्या शाळेतल्या बाईंना येतो, मुकादमाला येतो. फोटोत घाणेरडे फेरफार करून ते नातेवाइकांना पाठवल्याचे गुन्हे देशात ठिकठिकाणी नोंदले गेले आहेत. सावकाराच्या वहीत निदान एकट्या कर्जदाराचं नाव असायचं, या ॲपच्या वहीत त्याचं सगळं गणगोत असतं.

रिझर्व्ह बँकेनं २ सप्टेंबर २०२२ रोजी डिजिटल कर्जाबाबत नियम काढले. कर्जाच्या ॲपनं फोनमधल्या फाइल, फोटो, कॉन्टॅक्ट्सची यादी आणि कॉलच्या नोंदी यांना हात लावायचा नाही. कॅमेरा, माइक, लोकेशन यांसारख्या गोष्टी केवायसीपुरत्या एकदाच, आणि तुमची स्पष्ट संमती घेऊनच. म्हणजे कर्जाच्या ॲपनं कॉन्टॅक्ट्स मागितले की तिथंच ते नियम मोडतंय हे ओळखायचं आणि ॲप काढून टाकायचं. यापेक्षा सोपी परीक्षा नाही. नियमाखालच्या बँका आणि वित्तसंस्थांनी कळवलेल्या ॲपची यादी २०२५ पासून रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे, ती आधी बघा.

आणखी एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. कॉन्टॅक्ट्सची यादी तुमच्या फोनमध्ये असली तरी त्यातले नंबर तुमचे नाहीत. वहिनीचा नंबर, गावातल्या आशाताईंचा नंबर, दुसऱ्या राज्यात कामाला गेलेल्या चुलतभावाचा नंबर तुम्ही त्यांना न विचारता देऊन टाकता. आपल्या माहितीचं आपण काहीही करू, ही दुसऱ्याची आहे.

फोन आमचं बोलणं ऐकतो का? आत्ता ठिबकबद्दल बोललो आणि लगेच ठिबकची जाहिरात आली.

फोन सतत माइक चालू ठेवून ऐकतो आणि त्यावरून जाहिराती दाखवतो, याचा ठोस पुरावा नाही. अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये १७ हजारांवर अँड्रॉइड ॲप तपासले. चोरून आवाज पाठवणारं एकही सापडलं नाही, पण काही ॲप मात्र स्क्रीनचे फोटो आणि व्हिडिओ बाहेर पाठवताना सापडले.

ऐकण्याची त्यांना गरजही पडत नाही. तुम्ही कोणत्या शिवारात असता, कोणत्या कृषी सेवा केंद्रात थांबलात, सोबतच्या माणसानं काल काय शोधलं, हे सगळं जोडलं की ठिबकचा अंदाज बांधता येतो. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातल्या डग्लस लीथ यांनी २०२१ मध्ये मोजून दाखवलं की अँड्रॉइड असो की आयफोन, नुसता पडून असलेला फोनही सरासरी साडेचार मिनिटांनी आपल्या कंपनीला माहिती पाठवत असतो.

नवा फोन घ्यायची ऐपत नाही. आहे त्याच फोनवर काय करता येईल?

बरंच काही. मी तर सगळ्यांना इथूनच सुरुवात करायला सांगतो.

सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी’ आणि त्यात ‘परमिशन मॅनेजर’ उघडा. तिथं ॲपची यादी नसते, परवानग्यांची असते: लोकेशन, माइक, कॅमेरा, कॉन्टॅक्ट्स, एसएमएस. एसएमएसवर बोट ठेवा. बँकेचं आणि यूपीआयचं ॲप तिथं दिसणारच, कारण सिमची खात्री करायला त्यांना ते लागतं. पण त्याखाली टॉर्चचं ॲप, फोटो सजवायचं ॲप, लेकराचा गेम दिसला तर त्यांची परवानगी बंद करा. टॉर्चचं ॲप तर काढूनच टाका, फोनला स्वतःची टॉर्च असते. लोकेशनसाठी ‘ॲप वापरताना फक्त’ हा पर्याय निवडा. अँड्रॉइड ११ पासून ‘फक्त या वेळी’ असाही पर्याय आहे. अँड्रॉइड १२ पासून माइक किंवा कॅमेरा चालू झाला की वरच्या कोपऱ्यात हिरवी खूण दिसते. काही करत नसताना ती दिसली तर कोणतं ॲप आहे ते लगेच तपासा.

त्यानंतर जाहिरातींच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘ॲडव्हर्टायझिंग आयडी’ डिलीट करा. वेगवेगळ्या ॲपमधला तुमचा माग एकत्र जोडायला हाच क्रमांक वापरतात.

इंटरनेट बघायचा ब्राउझर म्हणून फायरफॉक्स घ्या आणि त्यात यूब्लॉक ओरिजिन हे ॲड-ऑन, म्हणजे जाहिराती अडवणारं जोडसाधन, बसवा. जाहिराती थांबतात आणि डेटाही वाचतो. दिवसाच्या दीड जीबीवर चालणाऱ्या घराला हा फरक जाणवतो.

कीबोर्डकडं कोणाचंच लक्ष जात नाही, पण तुम्ही जे जे टाइप करता ते सगळं त्याच्यातूनच जातं. मराठीसाठी इंडिक कीबोर्ड हा चांगला पर्याय आहे. केरळच्या स्वतंत्र मलयाळम कम्प्युटिंग या स्वयंसेवी गटानं तो बनवला, त्यात मराठी आहे आणि त्याचा कोड उघडा आहे.

कोड उघडा आहे म्हणजे काय? त्यानं काय फरक पडतो?

ॲप आतून कसं चालतं हे कोणालाही वाचता येतं. तुम्ही-आम्ही वाचणार नाही हे खरं, पण जगभरातले जाणकार वाचतात आणि गैरप्रकार दिसला की बोभाटा करतात. असे ॲप एफ-ड्रॉइड या प्ले स्टोअरसारख्या ॲपच्या दुकानात मिळतात. ते २०१० पासून चालू आहे आणि तिथं खातं उघडावं लागत नाही. त्यात सगळंच उत्तम आहे असं नाही. काही ॲप कच्चे आहेत, काहींना मराठी येत नाही.

व्हॉट्सॲप सोडावं लागेल का?

नाही. ग्रामपंचायतीचा ग्रुप, शाळेचा ग्रुप, दूध डेअरीचा ग्रुप सगळे तिथं असताना एकट्यानं सोडून काही साधत नाही, उलट माणूस एकटा पडतो.

व्हॉट्सॲपवरचा मजकूर वाटेत कोणाला वाचता येत नाही. सिग्नल नावाचं व्हॉट्सॲपसारखंच दुसरं ॲप आहे, २०१६ पासून व्हॉट्सॲप त्याचंच कुलूप वापरतं. पण तुम्ही कोणाशी, कधी, किती वेळा बोलता याची नोंद कंपनीकडं असते. २०२१ च्या सुरुवातीला आलेल्या नव्या धोरणात व्हॉट्सॲपची मालक असलेल्या मेटाच्या इतर कंपन्यांना माहिती देण्याची अट वापरणाऱ्यांवर लादली, म्हणून भारतीय स्पर्धा आयोगानं नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला २१३.१४ कोटी रुपयांचा दंड केला. प्रकरण पुढं अपिलात गेलं.

तुम्ही आज एक काम करा. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये चॅट बॅकअपमध्ये जाऊन ‘एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप’ चालू करा. ते बंद असेल तर गूगल ड्राइव्हवर जाणारी प्रत त्या कुलपाच्या बाहेर राहते. मात्र त्याचा पासवर्ड जपून ठेवा. तो गेला की कंपनीलाही ती प्रत उघडता येत नाही.

घरातल्या चार माणसांपुरतं सिग्नल बसवा. नवरा परराज्यात, बायको गावाकडं, लेकरू होस्टेलवर, असं विखुरलेलं कुटुंब असेल तर आधारचा फोटो, पासबुकचा फोटो, दवाखान्याचे कागद तिथून पाठवा. सिग्नल ही नफा न कमावणारी संस्था चालवते. अमेरिकेत न्यायालयानं माहिती मागितली तेव्हा त्यांच्याकडं देण्यासारख्या दोनच गोष्टी होत्या: खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं. जी माहिती साठवलीच नाही ती फुटत नाही.

‘प्रायव्हसी फोन’ म्हणजे नेमका कोणता फोन?

बहुतेक वेळा फोन नेहमीचाच असतो, आतली प्रणाली वेगळी असते. तीन नावं ऐकायला मिळतात. लिनिएजओएस ही २०१६ च्या शेवटी सायनोजेनमॉड ही जुनी प्रणाली बंद पडल्यावर पुढं आली आणि ती बऱ्याच जुन्या फोनवर चालते. /ई/ओएस ही फ्रान्सच्या गाएल दुवाल यांनी सुरू केलेली, गूगलच्या सेवा वगळून बनवलेली प्रणाली आहे. तिसरी ग्राफीनओएस. सुरक्षेच्या बाबतीत मी तिलाच सगळ्यात वर ठेवतो. ती गूगलच्या पिक्सेल फोनवर चालते. गूगलपासून सुटायला गूगलचाच फोन का, हा प्रश्न हमखास येतो. पिक्सेलमध्ये दुसरी प्रणाली टाकून बूटलोडरला, म्हणजे फोन सुरू होताना प्रणाली चालू करणाऱ्या भागाला, पुन्हा कुलूप लावता येतं आणि त्यातली सुरक्षा चिप चांगली आहे, हे त्याचं कारण.

ग्राफीनओएसमधली मला सगळ्यात आवडलेली सोय सांगतो. एखादं ॲप कॉन्टॅक्ट्स मागतं आणि दिल्याशिवाय पुढं जात नाही. तिथं तुम्ही त्याला ‘दिले’ असं सांगून रिकामी यादी दाखवू शकता, किंवा निवडलेले दोनच नंबर दाखवू शकता. फोटोंचंही तसंच. शिवाय प्रत्येक ॲपचं इंटरनेट वेगळं बंद करता येतं. कॅल्क्युलेटरला इंटरनेट लागत नाही, मग ते द्यायचंच कशाला?

नवा पिक्सेल आपल्याकडच्या बहुतेक घरांना परवडणारा नाही. जुना घेत असाल तर पैसे देण्याआधी दोन गोष्टी तपासा. पहिली, अपडेट किती काळ मिळणार. पिक्सेल ६ आणि ७ ला बाजारात आल्यापासून पाच वर्षं, ८ आणि त्यापुढच्यांना सात वर्षं. दुसरी, डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ‘ओईएम अनलॉकिंग’ हे बटण. इंटरनेट जोडूनही ते पुसट राहिलं आणि दबलं नाही, तर तो बहुधा परदेशी टेलिकॉम कंपनीनं बांधून ठेवलेला फोन आहे. त्यावर दुसरी प्रणाली बसणार नाही, कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

बसवण्याचं काम ब्राउझरमधूनच होतं, केबल चांगली हवी. सगळी माहिती पुसली जाते, म्हणून आधी फोनमधले फोटो दुसरीकडं उतरवून ठेवा. शेवटी बूटलोडरला पुन्हा कुलूप लावायला विसरू नका. ते उघडं राहिलं तर एवढा खटाटोप वाया गेला.

त्यावर फोनपे, बँकेचं ॲप, ई-पीक पाहणी चालतं का?

ग्राफीनओएसवर गूगल प्ले हे साध्या ॲपसारखं बसवता येतं, त्याला खास अधिकार मिळत नाहीत. त्यामुळं बहुतेक ॲप चालतात. पण काही बँकांचे ॲप फोनची प्रणाली कंपनीचीच आहे का हे तपासतात आणि नसेल तर उघडत नाहीत. तुमची बँक कोणत्या गटात आहे हे आधी बघा, मगच फोन बदला. लिनिएजओएसवर ही अडचण जास्त येते, कारण तिथं बूटलोडर सहसा उघडाच राहतो.

ई-पीक पाहणीला शेताचं लोकेशन आणि पिकाचा फोटो लागतो, ते योग्यच आहे. पाहणीपुरती परवानगी द्या, काम झालं की काढून घ्या.

फोनवर बँकच नको असेल तर साध्या बटणांच्या फोनवरून इंटरनेटशिवाय पैसे पाठवायची यूपीआय १२३पे ही सोय मार्च २०२२ पासून आहे.

शिवारात रेंज नसते. गूगल मॅपशिवाय कसं जमणार?

ऑरगॅनिक मॅप्स बसवा. महाराष्ट्राचा नकाशा एकदा वाय-फायवर उतरवून घेतला की बालाघाटाच्या डोंगरातही रेंजशिवाय चालतो आणि तुम्ही कुठं आहात हे कोणाला कळवत नाही. आडवाटेची काही खेडी त्यात अर्धवट आहेत, पण तो लोकांनी मिळून बनवलेला नकाशा आहे, आपल्या गावचा रस्ता आपल्याला भरता येतो.

सेवा केंद्रात आधार, सातबारा, पासबुक सगळं द्यावंच लागतं. तिथं काय करायचं?

माझ्या मते फोनपेक्षा मोठी गळती इथं आहे. लाडक्या बहिणीची केवायसी असो की पीकविमा, केंद्रात गर्दी असते, पोरगा म्हणतो ‘व्हॉट्सॲपवर टाका’. तुम्ही आधार पाठवता, तो प्रिंट काढतो, अर्ज भरतो, तुम्ही निघता. तुमची फाइल त्याच्या फोनमध्ये राहते आणि दुकानातल्या कम्प्युटरच्या डाउनलोड फोल्डरमध्येही राहते. त्या फोल्डरमध्ये सगळ्या गावाचे आधार पडलेले असतात. ई-आधारला पासवर्ड असतो खरा, पण तो नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मवर्ष असा असतो. ज्याला तुमचं नाव आणि वय माहीत आहे, त्याच्यासाठी ते कुलूप नसल्यातच जमा.

केंद्रातली पोरं वाईट नसतात, त्यांना कोणी हे शिकवलेलंच नसतं. म्हणून भांडू नका. काम झालं की शांतपणे म्हणा, “दादा, माझी फाइल तेवढी डिलीट करा, रिसायकल बिनमधून पण.” उभं राहून बघा आणि मगच निघा.

नुसती ओळख पटवायची असेल, लॉजवर किंवा होस्टेलवर, तर मास्क्ड आधार द्या. त्यात पहिले आठ अंक झाकलेले असतात, शेवटचे चारच दिसतात. झेरॉक्सवर तारीख आणि कशासाठी दिलं ते आडवं लिहा.

अंगठ्याचंही सांगतो. खरेदीखतासारख्या दस्तांवरून अंगठ्याचे ठसे उचलून आधारवर चालणाऱ्या मशीनमधून पैसे काढल्याचे प्रकार देशात घडले आहेत. आधारच्या अधिकृत ॲपमध्ये बायोमेट्रिक, म्हणजे अंगठ्याची ओळख, लॉक करता येतं. पण राशनच्या दुकानात आणि बँक मित्राकडं अंगठा लावायचा असेल तर तेवढ्यापुरतं ते उघडावं लागेल. आजीचा अंगठा लॉक करून तिला सांगायला विसरू नका, नाहीतर ती राशनविना परत येईल.

क्लासच्या फॉर्मवर लेकराचा नंबर दिला आणि आता दिवसभर कॉलेजांचे फोन येतात.

लातूर, नांदेड, संभाजीनगरच्या बहुतेक पालकांची हीच तक्रार आहे. घरात जुनं सिम पडून असेल तर अशा फॉर्मवर तोच नंबर द्या. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला. अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांची संमती लागेल आणि त्यांच्यावर पाळत ठेवून जाहिराती दाखवायला मनाई असेल, असं त्यात आहे. या कायद्याखालचा सगळ्यात मोठा दंड २५० कोटींपर्यंत आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, पण मुख्य तरतुदी लागू व्हायला त्यापुढं १८ महिने आहेत. तोवर फॉर्मवरचे सगळे रकाने भरलेच पाहिजेत असं मानू नका.

असा ‘प्रायव्हसी फोन’ वापरला तर पोलिसांना संशय येईल का?

स्वतःच्या फोनवर दुसरी प्रणाली टाकणं किंवा सिग्नल वापरणं बेकायदा नाही. वॉरंटीचा प्रश्न येऊ शकतो, तो वेगळा. आणि लोक बोलले की फरक पडतो. सरकारचं संचार साथी ॲप प्रत्येक नव्या फोनमध्ये आधीपासून टाकायचं, असा आदेश नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस निघाला होता. देशभरातून विरोध झाला आणि ३ डिसेंबरला सरकारनं ती सक्ती मागं घेतली.

मग हे सगळं केलं की आम्ही पूर्ण सुरक्षित?

नाही, आणि तसं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. सिम चालू आहे तोवर तुम्ही कोणत्या टॉवरखाली आहात हे टेलिकॉम कंपनीला कळतंच, आणि कॉलच्या नोंदी किमान दोन वर्षं ठेवायचं तिच्यावर बंधन आहे. साधा कॉल आणि एसएमएस यांना सिग्नलसारखं कुलूप नसतं. यूपीआयचा प्रत्येक व्यवहार बँकेला दिसतो. नव्या डेटा संरक्षण कायद्यातही सरकारला आपल्या संस्थांना सूट देण्याची मुभा आहे. आणि तुम्ही स्वतःहून ओटीपी सांगितला तर कोणतीच प्रणाली वाचवू शकत नाही.

घरात एकच फोन आहे, तो सगळ्यांच्या हातात असतो.

बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये दुसरा ‘यूजर’ उघडता येतो. लेकरांचे गेम तिथं ठेवा, बँक आणि व्हॉट्सॲप तुमच्याकडं. नसेल तर निदान बँकेच्या आणि फोटोंच्या ॲपला ॲप-लॉक लावा. फोन दुरुस्तीला देताना पिन सांगू नका. सॅमसंगमध्ये ‘मेंटेनन्स मोड’ आणि पिक्सेलमध्ये ‘रिपेअर मोड’ असतो, तो चालू केला की दुकानदाराला काम करता येतं पण तुमचे फोटो दिसत नाहीत. घरातल्या बायकांना हे आवर्जून दाखवा.

व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका आली, उघडली तर ॲप निघालं. आता?

पत्रिका, आरटीओचं चलन, पीएम किसानची यादी अशी नावं देऊन एपीके फाइल, म्हणजे ॲप बसवणारी फाइल, पाठवतात. ती बसली की एसएमएस वाचते, म्हणजे ओटीपीही वाचते. लगेच डेटा आणि वाय-फाय बंद करा, ते ॲप काढा. दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला सांगून खातं गोठवा आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर कराल तितके पैसे वाटेत अडण्याची शक्यता जास्त. ज्याच्या नंबरवरून पत्रिका आली त्यालाही कळवा, त्याचा फोन आधीच ताब्यात गेलेला असतो आणि त्याला त्याचा पत्ता नसतो.